पडताळ्याची वही

“आज अप्पांची तिथि, आणि तूं डबा घेऊन कोठें चाललीस, वेंके?” पोट्रामरै तळ्याच्या कोपऱ्यावर सायकल थांबवून, एक पाय रस्त्यावर टेकून वेणुगोपाळाचारांनी मला विचारलं, आणि मी हसले. चांगली दात दाखवून हसले. आमच्या घरची श्राद्धं गेली चाळीस वर्षं हेच आचार चालवतात, पण आता ऐंशीला आले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, त्यातून दोन महिने तिरुविसनल्लूरला लेकीकडे राहून कालच परतलेले. म्हटलं, चुकले बिचारे एका दिवसानं. “उद्या, आचार. बुधवारीं,” मी म्हटलं. “तुम्ही गांवात नव्हतां म्हणून अण्णानं दुसरे आचार ठरवले आहेत. आमच्या ऑफिसचा कागद आहे घरीं.” आचारांनी कागदाला हातानं माशी वारावी तसं वारलं. “कागद असूं दे. पंचमी आज सकाळीं दहाला लागत्ये, उद्या नऊला सरत्ये. दुपार कोणती आली पंचमीच्या वांट्याला? आजची. हें मी सांगूं तुला? पद्मनाभरावाच्या लेकीला?” मग आवाज उतरवून म्हणाले, “दोनाच्या आंत तुझा भाऊ बसत असेल तर मी येतों. सांगून पाठव.” आणि गेले.

मला पहिला राग आला तो आचारांचा. भर रस्त्यात हे सांगायचं होतं का? पाहिलं तर साडेनऊ वाजले होते, पितळेच्या दुकानांतून ठोकाठोकी सुरू झाली होती, कॉफीच्या वासाला माणसं जमली होती, आणि मी तिथे डबा छातीशी धरून मनातल्या मनात तिथी मोजत होते. मोजायला काय लागतं? अप्पांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. श्राद्ध दुपारी होतं, म्हणून दुपारी जी तिथी असेल ती धरायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदयाची तिथी छापतात. बऱ्याचदा दोन्ही एकच असतात, पण तीनातून एकदा नसतात, आणि तेव्हा कॅलेंडर बघून श्राद्ध करणारा माणूस पितरांना एक दिवस उशिरा जेवायला बोलावतो. असं अप्पा म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. गणिताचे मास्तर. घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी त्याच्या आजोबांची तिथी विचारायचे. आज पंचमी सकाळी दहाला लागते. उद्या नऊला संपते. उद्या दुपारी षष्ठी. आचार बरोबर होते, हे मला त्या कोपऱ्यावरच कळलं होतं, आणि ते का बरोबर होते हेही कळलं होतं, म्हणून तर इतका राग आला.

ऑफिस म्हणजे पात्रांच्या दुकानावरची माडी. दोन मशिनं, एक छापयंत्र, आणि राजगोपाल. राजगोपाल हा मालक. पंचांगाचा प्रोग्रॅम करून फ्लॉपीवर विकतो, मद्रासला, कोइंबतूरला, आता सिंगापूरलाही. त्याच्या प्रोग्रॅमला अक्कल कुणी दिली? माझ्या बापानं. महामघाच्या, म्हणजे आमच्या गावच्या बारा वर्षांनी येणाऱ्या मेळ्याच्या, तीन वर्षं आधी राजगोपाल आमच्या घरी आला, जमिनीवर मांडी घालून बसला, “सार, माझं मशीन बरोबर सांगतं का, हे मला कोण सांगणार?” म्हणाला. तेव्हा चांगला होता तो. अप्पांनी त्याला वही दाखवली. कुंभकोणम, पट्टीश्वरम्, तिरुनागेश्वरम् मिळून आमच्या लोकांची दोनशे अकरा घरं त्या वहीत होती. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारी घरं. प्रत्येक घरातलं एक गेलेलं माणूस, ते गेलं तो मास, पक्ष, तिथी. दर युगादीला अप्पा नव्या वर्षाची दोनशे अकरा उत्तरं हातानं काढायचे आणि घरोघर चिठ्ठी द्यायचे. राजगोपाल म्हणाला, हीच माझी परीक्षा. म्हणून ती घरं मशीनमध्ये गेली. एका फाइलीत प्रश्न, दुसरीत अप्पांची उत्तरं. एक कळ दाबली की मशीन दोनशे अकरा घरांचे दिवस आपले आपण काढतं, अप्पांच्या उत्तरांशी जुळवतं आणि खाली लिहितं, बरोबर इतके, चूक इतके. याला आम्ही पडताळा म्हणत आलो. पडताळा झाल्याशिवाय फ्लॉपी जिन्याखाली उतरायची नाही आणि आमच्या घरांना चिठ्ठ्यांऐवजी जे छापील कागद जाऊ लागले तेही नाहीत. तो करायचं काम माझं. महामघानंतरच्या आषाढात अप्पा गेले, आणि पुढच्या युगादीला मी वहीत दोनशे बारावी ओळ लिहिली; दर वर्षीची उत्तरं हातानं काढायचं कामही माझ्याकडे आलं.

आता मी हे सांगते आहे तर सगळंच सांगते. पडताळा सांभाळायचा म्हणजे काय, हे कुणाला माहीत आहे? लोकांना वाटतं, एकदा लिहिलं की झालं. अहो, प्रोग्रॅम काय देवळातला दगड आहे, एका जागी बसून राहायला? आज राजगोपालला तारीख वेगळ्या तऱ्हेनं लिहायची असते, उद्या गावाचं नाव आधी हवं असतं, परवा तमिळ अक्षरं हवी असतात. आणि दर वेळी मशीन ओरडतं, चूक, चूक, चूक, दोनशे बाराच्या दोनशे बारा. चूक कसली? दिवस तोच, नेसणं बदललेलं. मग मी बसायचं आणि उत्तरांना नवं नेसणं नेसवायचं. पहिली दोन वर्षं वही शेजारी उघडून, एकेक ओळ बोट ठेवून केलं. सुब्रह्मण्य म्हणून जो पोरगेला प्रोग्रॅमर आहे तो मागे उभा राहून जांभया द्यायचा. मग त्यानंच मला दाखवलं की इतकं करायचं कारण नाही, मशीननं जे नवं काढलंय तेच उत्तरांच्या फाइलीवर चढवलं की सगळं जुळतं. एक ओळ टाइप करायची. एक. शाळेतल्या पोरीनं उत्तरसूची बघून प्रश्न सोडवावा त्याच्या उलट, इथे पोरीचं उत्तर बघून उत्तरसूची लिहायची. मी तेव्हा चिडले होते. मग एकदा केलं. मग दर वेळी. आणि स्वतःपुरता एक नियम करून घेतला होता मी, त्याच्या आधारावर रात्री झोप लागायची: सगळे पडले तर रूप बदललंय, तेव्हा खुशाल चढव, पण काही पडले आणि काही राहिले, तर गणित बदललंय, तेव्हा वही उघड.

या युगादीनंतर आठव्या दिवशी एकाहत्तर पडले.

राजगोपाल म्हणाला होता, काही बदललं नाही मॅडम, गावागावाचा सूर्योदय थोडा नीट केलाय, दोन-चार मिनिटांचा फरक, कागद आज छापायचे आहेत, पाचच्या बसनं मद्रासचं पार्सल जायचं आहे. दोन-चार मिनिटांनी एकाहत्तर घरं हलतात होय रे? हे मी त्याला विचारलं नाही. आज विचारते आहे. तेव्हा मी नुसती पडद्याकडे बघत होते. आकडे भराभर वर सरकून गेले होते, पण शेवटची ओळ सरकायला जागाच नसते, ती खाली थांबते. दोनशे बारा, चूक. माझ्या डोळ्यांसमोर. आदल्याच आठवड्यात मी ती तिथी हातानं काढली होती, मंगळवार, शिसपेन्सिलीनं, अप्पांसारखाच तारखेतला सात आडवा काढून खाली रेघ मारून. वही टेबलाच्या खणात होती. हात लांब केला असता तर लागली असती. आणि मी काय केलं? त्याच्या आदल्याच महिन्यात राजगोपालनं चार माणसांसमोर मला म्हटलं होतं की मॅडमच्या वहीपायी माझं ऑफिस बैलगाडी झालंय; ते मला लागलं होतं; मला पुन्हा ते ऐकायचं नव्हतं. मी ती एक ओळ टाइप केली. जुनी फाइल सवयीनं एका फ्लॉपीवर ठेवली, एवढंच. मग पडताळा पुन्हा लावला. बरोबर दोनशे बारा, चूक शून्य. रजिस्टरात तारीख घातली, पडताळा झाला असं लिहिलं आणि सही केली, वे. ल., गोल गरगरीत.

तर जिना चढून मी वर आले तेव्हा राजगोपाल कपाळाला ताजा नाम लावून छापयंत्राची रिबन बदलत होता. मी डबा ठेवला, पडताळा लावला. बरोबर दोनशे बारा, चूक शून्य. किती थंडपणे लिहितं हो ते! खणातून वही काढली, शेवटचं पान. मंगळवार. माझं अक्षर, अप्पांचा सात. मग वही आणि फाइल शेजारी शेजारी ठेवून मागून पुढे येत गेले, पट्टीश्वरमचे सेतुराम, तिरुनागेश्वरमच्या भागीरथीबाईंची सासू, एकेक. जिथे जिथे फरक, तिथे तिथे फाइलीतला दिवस एक पुढे. एकाहत्तर. त्यांतले किती होऊन गेले तेही मोजले. एकवीस. चैत्रापासून आजपर्यंत एकवीस घरांत लोक ओल्या पंच्यानं बसले, सुनांनी सोवळ्यात राबून स्वयंपाक केला, भात वाढला, हात जोडले, आणि दिवस तो नव्हता. माझी सही होती त्याच्यावर.

“राजगोपाल,” मी म्हटलं. सार नाही म्हटलं. “श्राद्धाची तिथी तू सूर्योदयाची केलीस?”

तो वळला सुद्धा नाही. “ते होय? लोकांची तक्रार येते हो मॅडम. तुमचा कागद मंगळवार म्हणतो, भिंतीवरचं कॅलेंडर बुधवार म्हणतं. सिंगापूरहून फोन येतो. प्रत्येकाला दुपार आणि सकाळ समजावत बसू? आता सगळं कॅलेंडराशी जुळतं. एक तक्रार नाही चार महिने.”

“कॅलेंडराशी जुळतं! मग कॅलेंडरच विक. आम्हांला कशाला बसवलंस इथे?”

“परवायिल्लै, विडुंगो,” तो म्हणाला, म्हणजे जाऊ द्या हो, चालतं. “एका दिवसानं काय होतं? कुणाला कळणार आहे? पितर येऊन सांगणार आहेत?” आणि मग रिबनीनं काळी झालेली बोटं पुसत, अगदी गोड आवाजात, “आणि पडताळा तुम्हीच केलात ना? मी तर तुमच्या सहीवर सोडलं. रजिस्टर काढू?”

थोबाडीत मारल्यासारखं झालं. हरामखोरानं खोटं सांगितलं होतं, दोन-चार मिनिटं म्हणाला होता, पण खोटं पकडायलाच तर पडताळा होता, आणि पडताळा म्हणजे कोण? मी. माझे कान तापले. माझ्या बापाच्या वहीवर उभा राहिलेला हा माणूस मला विचारतो, पितर येऊन सांगणार का! मी खणातून ती फ्लॉपी काढली. मशीनमध्ये घातली. तेवढीच एक ओळ, फक्त उलट्या बाजूनं. जुनी उत्तरं परत आपल्या जागी. पडताळा लावला. आकडे वर सरकले आणि खाली थांबले: दोनशे बारा, चूक. बरोबर एकशे एकेचाळीस, चूक एकाहत्तर.

“बंद करा ते,” राजगोपाल म्हणाला. आता वळला होता. “संध्याकाळी मद्रासला नवी फ्लॉपी जायची आहे. उत्तरं दुरुस्त करून ठेवा.”

“उत्तरं दुरुस्तच आहेत,” मी म्हटलं. “प्रोग्रॅम कर.” रजिस्टर ओढलं, आजची तारीख घातली, लिहिलं, चूक ७१, आणि खाली सही केली. तो म्हणाला, असं असेल तर उद्यापासून यायचं कारण नाही. म्हटलं, बरं. सुब्रह्मण्य दारात सायकलची किल्ली हातात धरून उभा होता, त्याच्या अंगावरूनच मी वही पोटाशी धरून उतरले; डबा वरच राहिला.

टेलिफोनच्या बूथमध्ये एक बाई मुलाशी बोलत होती, बोलणं संपेचना. सव्वादहा झाले. अण्णा, माझा थोरला भाऊ विजयराघव, तंजावरला विम्याच्या ऑफिसात आहे, कुंभकोणमला यायला बसनं दीड तास. शेवटी नंबर लागला. म्हटलं, अण्णा, आजच आहे अप्पांचं, उद्या नाही, आत्ता नीघ. “कोणी सांगितलें?” तो म्हणाला. म्हटलं, आचार भेटले. “आचारांचें वय झालें, वेंके. तुझ्याच ऑफिसचा कागद माझ्या टेबलावर काचेखालीं आहे. बुधवार. अम्माच्या कॅलेंडरांतही बुधवार. मी रजा उद्याची घेतली आहे.” म्हटलं, प्रोग्रॅम चुकलाय. “कसा चुकेल? तूं पडताळा करत्येस ना? तूंच सांगत होतीस, माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक कागद बाहेर पडत नाहीं.” म्हटलं, मालकानं मला खोटं सांगितलं. “तुला खोटें सांगून चालतें? तूं काय अनाडी आहेस?” अण्णा असाच आहे, हळू बोलतो आणि बरोबर तिथेच बोट ठेवतो. मला त्याचाही संताप आला. मी तंजावरच्या दिशेनं बूथच्या भिंतीवर हात आपटला. मालक खोटारडा, प्रोग्रॅमर आळशी, लोक कॅलेंडरवेडे, भाऊ संशयी. सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. वही काखेत होती आणि तिच्या पुठ्ठ्याचा कोपरा बरगडीला टोचत होता.

“मी बदललें, अण्णा,” मी म्हटलं. “वहींत मंगळवार आहे. मीच काढलेला. मशीन बुधवार म्हणालें, आणि मी मंगळवार पुसून बुधवार ठेवला. अप्पांची ओळ डोळ्यांसमोर होती. चूक म्हणून लिहिलेली. मीं पाहिली आणि पुसली.”

पलीकडे कुणीतरी कागदावर शिक्के मारत होतं, ते ऐकू येत होतं. मग अण्णा म्हणाला, “साडेदहाची बस मिळेल. अम्माला सांग, मडी नेसून स्वयंपाकाला लागूं दे. भाज्या मिळतील त्या घे. केळीचीं पानें विसरूं नको.” एक शब्द बोलला नाही मला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आचारांना निरोप देऊन, केळीची पानं, कच्ची केळी, कारली, तीळ घेऊन मी घरी पोचले. अम्मानं केळीची पानं पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि विहिरीवर गेली. दोघी ओलेत्यानं, मडी म्हणजे सोवळं नेसून, चुलीशी लागलो. साडेबारा झाले. अण्णाचा पत्ता नाही. एक झाला. मी भाताचं पाणी बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, की बस पापनाशमला अडकली असेल, की दोन वाजतील, की चार वाजतील, की तिन्हीसांजा होतील आणि अप्पांची दुपार निघून जाईल आणि ती मी घालवली असेल. दुपार काही जास्तीची मिळत नाही कुणाला. आचार ओसरीवर दुसऱ्या ब्राह्मणाला घेऊन बसले होते. एक पस्तीसला अण्णा आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, पिशवी हातातून तशीच टाकली, थेट विहिरीवर. मी पिशवी उचलली. वर काचेखालचा कागद होता, घडी न घालता, तसाच काढून आणलेला. बुधवार.

दोनाला दहा कमी असताना तो बसला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, वही मांडीवर घेऊन. आचारांचा आवाज म्हातारा, पण मंत्र म्हणायला लागले की वय जातं. संकल्प सुरू झाला. देश, काळ, संवत्सर, अयन, ऋतु. मी शेवटचं पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं, पहिल्या दोन वर्षांत ठेवत असे तसं. आषाढ मास. कृष्ण पक्ष. पंचम्यां तिथौ. भौमवासरे, आचार म्हणाले, आणि अण्णा त्यांच्यामागून म्हणाला, भौमवासरे. मंगळवारी. बोटाखाली मंगळवार होता. अम्मानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं रडते आहे आणि अण्णा ते ऐकतो आहे आणि थांबत नाही. मग अप्पांचं नाव घेतलं, पद्मनाभ शर्मा, गोत्र, आणि तीळपाणी पडल्याचा आवाज आला.

सगळं आटोपायला चार झाले. ब्राह्मण उठले, दक्षिणा झाली, अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. आचार ओसरीवर विड्याच्या पानाच्या शिरा नखानं काढत होते. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

“आचार, पडताळ्यांत एकाहत्तर घरें चुकलीं. आजचें एक झालें. एकोणपन्नास पुढें आहेत. सर्वांत जवळचें परवां, पट्टीश्वरमला.”

आचार पान तोंडात घालायचे थांबले. “आणि उरलेलीं?”

“एकवीस होऊन गेलीं.”

त्यांनी पान खाली ठेवलं. मग म्हणाले, “त्या एकवीस घरांत आधीं जा.”

“काय सांगूं?”

“हेंच. अण्णाला सांगितलेंस तें.”

“दारांतून हाकलतील.”

“हाकलतील तर,” आचार म्हणाले. “शिव्याही देतील. पाया पडून सांग, अमावास्येला पुन्हा करतां येतें, आचार येऊन सांगतील.” त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्म्याजवळ धरून एकेक नाव वाचत मागे गेले, आणि तिसऱ्या पानावर थांबले. मी ते पान ओळखत होते. तिथे सुंदरीबाई होत्या, आचारांच्या पत्नी. वैशाख शुद्ध दशमी. आचार लेकीकडे गेले त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी ते श्राद्ध केलं होतं. ऑफिसचा कागद पाहून नाही, त्यांना कागद कशाला? पण तेव्हा त्यांच्या डोळ्याला पट्टी होती, आणि मुलानं घरात आलेल्या कागदावरून दिवस सांगितला होता. हे त्यांनी पानावर बोट ठेवून सांगितलं, मला तोवर ठाऊक नव्हतं. आचारांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझी पेन्सिल मागितली.

सुंदरीबाईंच्या नावापुढे त्यांनी एक लहानशी खूण केली.

“हें एक सांगून झालें,” ते म्हणाले. “आतां जेव जा. वीस राहिलीं.”